क्लिक कुणी केलं?

(गेल्या अंकात ‘नवी नोकरी’ या पानावर आम्ही एका डेटा ॲनालिस्टची ओळख करून दिली होती. मूळ गाव पंढरपूर तालुक्यातलं, सोलापूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी., काही वर्षं एका दूध संघात नोकरी आणि आता पुण्यात, इंटरनेटवरच्या जाहिरातींमधली फसवणूक शोधणाऱ्या कंपनीत. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना त्यांनीच उत्तरं दिली आहेत. त्यांच्या विनंतीवरून त्यांचं आणि कंपनीचं नाव छापलेलं नाही.)

संपादकांनी त्या ओळखीत मला ‘सायबर चोरांच्या मागावर निघालेली तरुणी’ म्हटलं होतं. आमच्या घरी त्यावरून बरीच चेष्टा झाली. मी कुणाच्या मागावर निघत नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, आदल्या दिवशीच्या क्लिकचे तक्ते बघते आणि हे माणसाने केलं असेल का, एवढंच विचारत बसते. प्रश्न मात्र तुम्ही भारी पाठवलेत. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत.

ताई, चोरी म्हटली की काहीतरी वस्तू जायला हवी. जाहिरात कुणी बघितली काय किंवा नाही बघितली काय, त्यात कुणाचं काय गेलं?
*निवृत्त शिक्षक, कराड*

सर, जातात ते रोख पैसे. तुम्ही मोबाईलवर बातमी उघडता तेव्हा मजकुराच्या मधली रिकामी चौकट त्याच क्षणी लिलावाला निघते. पान पुरतं उघडायच्या आत बोली लागते, कुणीतरी जिंकतं आणि त्याची जाहिरात तिथे येऊन बसते. भाव असतो हजार वेळा दाखवण्याचा. साबण विकणाऱ्या कंपनीचा पैसा एजन्सीकडे जातो, तिथून मधल्या दोन-तीन बाजारांतून, प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा कापला जात, साइटच्या मालकापर्यंत पोहोचतो. या वाटेवरच्या कुणालाही जाहिरात बघणारा माणूस दिसत नाही. दिसते ती अहवालातली एक ओळ : अमुक वाजता, अमुक साइटवर, अमुक फोनवर जाहिरात दाखवली. चोराला फक्त ही ओळ खोटी लिहायची असते.

नोकरीत रुजू झाल्यावर आम्हाला सगळ्यात आधी वाचायला दिलं जातं ते मेथबॉटचं प्रकरण. डिसेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हाइट ऑप्स या कंपनीने ते उघडकीला आणलं. अलेक्सांद्र झुकोव्ह या रशियन माणसाने डॅलस आणि इतर ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये १,९०० हून जास्त सर्व्हर भाड्याने घेतले होते. त्यांवर बनावट पानं उघडायची, पानाला पत्ता मात्र नामांकित वर्तमानपत्रांचा आणि वाहिन्यांचा लावायचा. असे ५,००० हून जास्त पत्ते त्यांनी वापरले. मग प्रोग्रॅमच त्या पानांवर बसून जाहिरातींचे व्हिडिओ ‘बघायचा’. सर्व्हरचे आयपी पत्तेसुद्धा (इंटरनेटवर कनेक्शनची ओळख सांगणारे क्रमांक) अमेरिकेतल्या घराघरांतल्या इंटरनेट कनेक्शनचे वाटावेत असे नोंदवलेले होते. मला त्यातला माउसचा भाग फार आवडतो. तो प्रोग्रॅम माउस हलवायचा, पान खाली सरकवायचा, व्हिडिओ मध्येच थांबवायचा आणि आपण फेसबुकवर लॉगिन आहोत असंही भासवायचा. म्हणजे माणूस कंटाळतो, हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. जाहिरातदारांचे ७० लाख डॉलर त्यात गेले. झुकोव्ह स्वतःला ‘फसवणुकीचा राजा’ म्हणवून घ्यायचा. २०१८ मध्ये तो बल्गेरियात पकडला गेला आणि २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टाने त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

यात जाहिरातदार तर लुबाडला गेलाच, पण ज्यांचे पत्ते वापरले त्या वर्तमानपत्रांच्या वाट्याचा पैसाही गेला. २०१७ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने आपल्या नावाने बाजारात काय काय विकलं जातंय ते तपासून पाहिलं. दरमहा सुमारे १० लाख पौंडांची जागा त्यांच्या नावावर खपवली जात होती. त्यातल्या व्हिडिओ जाहिरातींची जागा तर ते त्या लिलावांत विकतच नव्हते! त्याच वर्षी ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ (ads.txt) नावाची साधी फाइल आली. साइटचा मालक त्यात लिहून ठेवतो, की माझी जागा विकायचा अधिकार फक्त या या लोकांना आहे. वर्तमानपत्रात ‘जाहीर नोटीस’ देतात तशीच ती सगळ्यांना वाचायला खुली असते. कुठल्याही मोठ्या मराठी दैनिकाच्या साइटच्या पत्त्यापुढे हे नाव टाकून बघा, बहुधा दिसेल.

माझ्या मोबाईलची बॅटरी झपाट्याने उतरते, नेट पॅक दुपारीच संपतो. नातू म्हणतो, आजी तुझा फोनच चोरांच्या टोळीत आहे. खरं का?
*एक आजी, कोल्हापूर*

आजी, नातवाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. झुकोव्हच्या सोबतच अमेरिकेत दुसऱ्या एका टोळीवरही खटला भरला गेला. त्या टोळीने सर्व्हर भाड्याने घेण्याऐवजी लोकांच्या घरातले १७ लाख संगणक व्हायरस घालून गुपचूप कामाला लावले होते. घरमालकाला पत्ता नाही, आणि त्याचा संगणक पडद्याआड जाहिराती बघतोय. फोनवर हेच काम टॉर्च, ‘फोन साफ करा’, वॉलपेपर असल्या फुकट ॲपच्या पोटातून चालतं.

सेटिंगमध्ये बॅटरी आणि डेटा कोण किती खातं याची यादी असते. जे ॲप तुम्ही आठवड्यात एकदाही उघडलं नाही ते त्या यादीत वर दिसलं, तर काढून टाका. नवीन ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या, कुणी लिंक पाठवली म्हणून नको. आणि टीव्हीला लावायचा निनावी कंपनीचा स्वस्त अँड्रॉइड बॉक्स घरात असेल तर त्याच्याकडेही एकदा बघायला सांगा. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच हा कचरा भरून आलेला असतो, हे २०२३ मध्ये उघड झालं आहे. मात्र फोन चार-पाच वर्षांचा असेल तर बॅटरी नुसती म्हातारी झाली असण्याची शक्यता जास्त. नातवाला तेही सांगा.

आमचे लातूरला क्लासेस आहेत. प्रवेशाच्या मोसमात एका एजन्सीला ऑनलाइन जाहिरातींसाठी पैसे दिले. चारशेच्या वर लीड, म्हणजे फॉर्म भरून चौकशी करणाऱ्यांची नावं-नंबर, आल्या. फोन केले तर निम्मे नंबर लागतच नाहीत, उरलेले म्हणतात आम्ही फॉर्म भरलाच नाही. ही फसवणूक धरायची का?
*क्लासचालक, लातूर*

धरायची का, हे लीडची फाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ती फाइल तुमच्याकडे आहे. एक्सेलमध्ये उघडा. फॉर्म भरल्याची वेळ या रकान्यावर क्रम लावा. दहावीच्या मुलांचे आईबाप फॉर्म संध्याकाळी, जेवणानंतर, रविवारी भरतात. पहाटे तीन ते पाच या वेळात एकामागून एक, ठरावीक अंतराने लीड आल्या असतील तर संशय घ्या. मग फोन नंबरवर क्रम लावा. शेवटचे दोन-तीन आकडेच बदलणारे नंबर सलग दिसले, तर ते कुणीतरी बसून भरलेत. नावं इंग्रजीत, सगळी एकाच ठशाची, आणि गावाच्या रकान्यात लातूर, धाराशिव, नांदेड सोडून भलतीच राज्यं, हीही खूण आहे.

पण प्रत्येक वाईट लीड म्हणजे चोरी नव्हे. सोशल मीडियावरच्या झटपट फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेला येतो. माणसाचा अंगठा चुकून दोनदा लागला की फॉर्म गेला, आणि नंबर जातो तो खातं उघडताना दिलेला, कधीचा बंद पडलेला. ‘आम्ही भरलाच नाही’ म्हणणारे बरेचसे खरंच सांगतात. फॉर्ममध्ये हाताने लिहायला लागेल असा एक प्रश्न टाका, ‘मुलगा-मुलगी सध्या कोणत्या शाळेत?’ एवढा पुरे. लीड कमी होतील. होऊ द्या.

एजन्सीला आणखी दोन गोष्टी विचारा. जाहिरात फक्त मूळ ठिकाणी दाखवली, की ‘भागीदार’ ॲप आणि साइटवरही? दुसरं, गुगलच्या जाहिरातींत ठिकाणाची निवड करताना ‘या भागात असलेले किंवा या भागात रस असलेले’ असा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो बदलला होता का? गुगलच्या अहवालात अवैध क्लिकचा वेगळा रकानाही जोडता येतो. गुगलने स्वतःच बाद केलेले आणि ज्यांचे पैसे लावलेले नाहीत, ते क्लिक तिथे दिसतात. जाहिरातीचं खातं एजन्सीच्या नावावर ठेवू नका. स्वतःच्या नावावर काढा आणि एजन्सीला त्यात प्रवेश द्या. खातं दाखवायलाच जी एजन्सी कांकू करते, तिच्याबद्दल मला लीड न बघताही मत बनवता येतं.

मी जाहिरात क्षेत्रात २० वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट विचारतो. फसवणूक सापडली तरच तुमच्या कंपनीचं दुकान चालतं. मग तुम्ही दिसेल त्यावर लाल शिक्का मारणार नाही कशावरून? आणि इतकं सगळं कळतं, तर हा प्रकार बंद का होत नाही?
*एक वाचक, ठाणे*

साहेब, मोह असतो, हे मान्य. भरपूर लाल रंगाचा अहवाल ग्राहकाला आवडतो, निदान पहिल्या महिन्यात. म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला चोर ओळखायच्या आधी निर्दोष माणूस ओळखायला शिकवतात.

आपल्याकडे तर ते जास्तच गरजेचं आहे. परदेशात बसून लिहिलेली पाठ्यपुस्तकं सांगतात, एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो क्लिक आले की संशय घ्या. भारतात मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवतात. तो नियम जसाच्या तसा लावला तर अख्खा तालुका चोर ठरेल. आषाढीला एका मराठी पंचांगाच्या ॲपवर हेच झालं. एकादशीच्या आदल्या दोन दिवसांत पंढरपूरच्या आसपासून मोजक्याच पत्त्यांवरून क्लिकचा लोंढा. फोन बहुतेक स्वस्त, तीन-चारच मॉडेलचे. आमच्या यंत्रणेने ‘क्लिक फार्म’ (एकाच जागी ढिगाने फोन मांडून खोटे क्लिक करण्याचा अड्डा) म्हणून शिक्का मारला आणि बेंगळुरूच्या टीमने तो मान्यही केला. मला वेगळं काही शोधावं लागलं नाही, वारी माझ्या दारावरून जाते.

पण ‘ती वारी आहे’ एवढ्यावर ग्राहक ऐकत नाही, पुरावा मागतो, आणि बरोबरच आहे. खरे क्लिक फार्म असतातच. २०१७ मध्ये थायलंडमध्ये कंबोडियाच्या सीमेजवळ एका भाड्याच्या घरात पोलिसांना शेकडो आयफोन आणि ३,४७,२०० सिम कार्डं सापडली होती. तेही एकाच जागी, मोजक्याच मॉडेलचे फोन. मग फरक कसा करायचा? मांडणीत लावून ठेवलेला फोन सतत चार्जिंगवर असतो, त्याची बॅटरी कायम भरलेली. तो हलत नाही, त्यामुळे हालचाल टिपणारा सेन्सर सपाट. जाहिरातवाल्यांना फोन ओळखता यावा म्हणून त्यात असलेला क्रमांक दर थोड्या वेळाने पुसून नवा घेतलेला. वारकऱ्यांचे फोन नेमके उलटे : बॅटरी १५-२० टक्क्यांवर टेकलेली, सेन्सर दिवसभर हलतोय, आणि द्वादशीनंतर तेच फोन बीड, परभणी, जळगावकडे पांगलेले. शिक्का काढला गेला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बंद होत नाही कारण मोठा आकडा सगळ्यांनाच हवा असतो. ब्रँड मॅनेजरला वरच्यांना दाखवायला इन्स्टॉल (ॲप किती फोनवर उतरलं तो आकडा) हवीत, एजन्सीचं कमिशन खर्चावर, जाहिराती ॲप-साइटवर पोहोचवणाऱ्या नेटवर्कचं उत्पन्न क्लिकवर. आमचा अहवाल आला की तिघांचाही आकडा एकदम खाली येतो. ज्या मीटिंगमध्ये मी बसते तिथे चोराची बाजू घेणारं कुणी नसतं, पण ‘या तिमाहीत राहू दे, पुढच्या तिमाहीत बघू’ असं म्हणणारं हमखास असतं. तुम्ही २० वर्षं काढलीत, तुम्हाला हे वाक्य ओळखीचं असेल. २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत १० कोटी डॉलरहून जास्त डिजिटल जाहिरातींचा खर्च छाटला आणि विक्रीवर फारसा परिणाम झाला नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमतं. वर्षाचं टार्गेट डोक्यावर असलेल्या मॅनेजरला आपल्याच गेल्या वर्षीच्या यशातले निम्मे लोक नव्हतेच, हे लिहून द्यायचं म्हणजे फार झालं. आमचं खरं काम मला तिथे सुरू होतं असं वाटतं. सापडवणं त्या मानाने सोपं आहे.

ताई, मी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दूध संघातून या नोकरीत कशी आलीस? मुलाखतीत काय विचारतात? मशीन लर्निंगचा कोर्स करू का?
*एक विद्यार्थिनी, नाशिक*

दूध संघातला अनुभव मुलाखतीत सगळ्यात जास्त कामाला आला. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या आकड्यांना बांधलेला असतो. ऊन, पाऊस, चारा, वेत, कशानेही रीडिंग रोज थोडं हलतं. एखाद्या संकलन केंद्राचं महिनाभर बरोबर ३.५ आणि ८.५ च येत असेल, तर गाय एवढी शिस्तीची नसते. कुणीतरी ‘बसवतंय’. मुलाखतीत मला एका तक्त्यात काय खटकतं असं विचारलं होतं आणि उत्तर हेच होतं : एका साइटवर जाहिरात पूर्ण बघणाऱ्यांचं प्रमाण रोज तेवढंच, सोमवारही तोच, दिवाळीही तीच.

तुला एक खरा प्रश्न देते, आमच्या कामाचा गाभा त्यात आहे. ॲपच्या जाहिरातीवर क्लिक झालं आणि ॲप पहिल्यांदा उघडलं, यांत किती वेळ गेला? प्ले स्टोअर उघडणार, ६० एमबीचं ॲप उतरणार, बसणार, मग माणूस ते उघडणार. चार सेकंदांत हे होत नाही. चार सेकंद दिसले तर समज, फोनमध्ये आधीपासून बसलेल्या दुसऱ्या ॲपला नवं ॲप येतंय याचा सुगावा लागला आणि त्याने शेवटच्या क्षणी क्लिक घुसवलं. म्हणजे ग्राहक स्वतःहून आला होता, दलाली भलत्यानेच खाल्ली. याची दुसरी बाजू जास्त चिवट आहे. काही नेटवर्क लाखो फोनच्या नावाने खोटे क्लिक पेरून ठेवतात आणि वाट बघतात. त्यातल्या कुणी ना कुणी ते ॲप आपल्या मनाने घेतंच. तिथे क्लिक ते इन्स्टॉल हा वेळ दोन तास, नऊ तास, वीस तास असा सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. खऱ्या जाहिरातीत पहिल्या तासात उंच टेकडी असते आणि नंतर उतार. या प्रकारात माणूस खरा, इन्स्टॉल खरं, फक्त श्रेय खोटं. त्यामुळे एकेक ओळ तपासून काही हाती लागत नाही, सगळं वाटप एकत्र बघावं लागतं. तू संख्याशास्त्र शिकतेस, हे तुझ्याच अंगणातलं आहे.

कोर्सबद्दल : आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) घट्ट कर. गट पाडणं, विंडो फंक्शन, मागच्या ओळीशी वेळेचा फरक काढणं. माझा बहुतेक दिवस त्यातच जातो. पायथन त्याच्या जोडीला. मशीन लर्निंग जरूर शीक, पण मॉडेल ‘हा चोर’ म्हणालं तरी का, हे ग्राहकाला मराठी-हिंदी-इंग्रजीत तुलाच समजावून सांगावं लागणार आहे.

सरावासाठी डेटा विचारला आहेस. कॅगल या संकेतस्थळावर टॉकिंगडेटा या चिनी कंपनीने २०१८ मध्ये ठेवलेली स्पर्धा आहे, चार दिवसांतले जवळपास २० कोटी क्लिक. सगळे उतरवू नकोस, लॅपटॉप बसेल. त्यातच एक लाख ओळींची छोटी फाइल आहे, ती घे. एक सापळा आधीच सांगते. यात ॲप खरोखर उतरवलं गेलं असे क्लिक सुमारे पाव टक्का आहेत. ‘कुणीच उतरवलं नाही’ असं डोळे झाकून सांगणारं मॉडेलही ९९.७५ टक्के बरोबर ठरतं, तेव्हा अचूकतेचा आकडा बघून खूश होऊ नकोस आणि मुलाखतीत तो सांगू तर अजिबात नकोस. आधी तासागणिक क्लिकचा साधा आलेख काढ. त्यातल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आहेत. भारतीय सवयीने साडेपाच तास मिळवलेस तर चिनी लोक भलत्याच वेळी झोपलेले दिसतील, तिथे आठ मिळवायचे. आलेख काढलास की संपादकांच्या पत्त्यावर पाठव, मी बघते.